उलटेमास्तरांची निळी मोटार

कोणतीही वस्तू हातात आली की उलटेमास्तर ती आधी उलटी करून बघत. मग ती कपबशी असो, पाट असो की कुणा पोराची पाटी असो. आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा आईने खास नवा कप काढला होता. मास्तरांनी तो चहा संपायच्या आतच उपडा केला आणि डोळे बारीक करून बूड बघत बसले. उरलेला घोटभर चहा धोतरावर सांडला. आई आतून म्हणाली, "फुटका नाही हो मास्तर, कालच आणलाय." मास्तर ओशाळले, पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्यांचं खरं नाव दत्तात्रय होतं, हे भिंगारात त्यांच्या पेन्शनच्या कागदाखेरीज कुणाला माहीत नसावं.

त्यांनी मला शाळेत चित्रकला शिकवली. माझा हात काही वळला नाही, पण पुढे त्याच शाळेत मी गणिताचा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. दोन खोल्या, एक स्टोव्ह, आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेली मोडकी खेळणी. नजर अधू व्हायला लागल्यावर रविवारी जुन्या बाजारात न्यायला त्यांना कुणीतरी हवं होतं. "वसंता, तुझे डोळे तरणे आहेत आणि रविवारी तुला काम नसतं," असं म्हणून त्यांनी मला धरलं. मी एका रविवारपुरता म्हणून गेलो आणि तीन वर्षं जात राहिलो.

भिंगारला छावणी असल्यामुळे आमच्या जुन्या बाजारात नगरच्या बाजारापेक्षा निराळा माल यायचा. एखाद्या मेजरची बदली झाली की आठवड्याभरात त्याच्या बंगल्यातली अडगळ गोणपाटावर मांडलेली दिसायची. चावीचं माकड, एका डोळ्याची बाहुली, रूळ हरवलेली आगगाडी. मास्तरांचा नियम असा की हवी ती वस्तू कधी पहिल्यांदा विचारायची नाही. आधी एखादं गंजकं कुलूप उचलायचं, नाक मुरडायचं, आणि मग सहज विचारल्यासारखं करायचं, "आणि हे काय ठेवलंस रे?" पण खेळणं हातात आलं की ते इतक्या घाईने उलटं करायचे की सगळं बिंग तिथंच फुटायचं. दुकानदार एकमेकांना डोळे मारायचे. मास्तरांना मात्र अखेरपर्यंत वाटत होतं की आपण बाजाराला फसवतो.

बंगल्यांतून इंग्रजी चित्रकथांची पुस्तकंही रद्दीत यायची आणि तिथून थेट शेंगदाणेवाल्याकडे. तो पान फाडून पुडी वळायचा. मुखवटा घातलेला कुणी वीर अर्ध्या बुक्कीत असतानाच पान संपायचं. मग मास्तर पुढच्या पानासाठी दुसरी पुडी घ्यायचे, तरी तिसरंच कुठलं पान यायचं, मग तिसरी पुडी. कागद छातीशी धरून हाताने सपाट करायचे आणि शेंगदाणे माझ्या खिशात ओतायचे. "मला शेंगदाण्यानं पित्त होतं," ते म्हणत, "कागदानं नाही होत." माझं पोट त्या तीन वर्षांत कायमचं बिघडलं.

घरी आणलेलं खेळणं ते कोरड्या फडक्याने पुसत आणि फळीवर ठेवत, बस्स. रॉकेल लावून गंज काढणं नाही, रंग देणं नाही, तुटलेला पाय चिकटवणं नाही. मला तो त्यांचा आळस वाटायचा. मी नीटनेटका माणूस. वहीला खाकी कव्हर घातल्याशिवाय मला झोप येत नाही. मी दोनचारदा बोललोही, "मास्तर, जरा घासूनपुसून ठेवली तर किती शोभतील." ते हसायचे आणि विषय बदलायचे.

एक गोष्ट ते कधीच घेत नसत. शिशाचे शिपाई. छावणीच्या बाजारात त्यांची काय वाण! पलटणच्या पलटण विकायला असायची, काही इतके देखणे की मलाच मोह व्हायचा. मास्तर त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. एकदा मी हट्टाने एक त्यांच्या हातात ठेवला, तर तो त्यांनी गोणपाटावर परत ठेवला आणि म्हणाले, "नको. आमच्या घरचा शिपाई यायचाय अजून. त्याच्या आधी दुसरा नको." मला अर्थ कळला नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

अर्थ कळला तो एकाहत्तरच्या लढाईत. डिसेंबर होता. छावणीत अंधार पाळायचा हुकूम होता, म्हणून दिवस मावळला की आम्ही कंदिलाला काळा कागद गुंडाळून त्यांच्या खोलीत बसत होतो. त्या दिवशी आमच्या गल्लीत एका जवानाच्या घरी तार आली होती.  मास्तर आपणहून बोलायला लागले.

त्यांचे वडील छावणीत एका कर्नलाच्या बंगल्यावर माळी होते. थोरला भाऊ तिथंच बूट पुसायचा. कर्नलाची मोटार भिंगारातली पहिली. लहानग्या दत्तूला तिच्या जवळ जाऊ देत नसत, म्हणून तो रडायचा. मग दादाने रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून त्याला वीतभर मोटार करून दिली, बुटाच्या पॉलिशच्या झाकणांची चाकं लावली आणि निळा रंग दिला. त्याच आठवड्यात दादा भरती होऊन पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईवर गेला. वर्षभराने लष्कराचा कागद आला.

"कागदात मेला असं लिहिलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "सापडत नाही असं लिहिलं होतं. आई रोज त्या मोटारीकडे बघून रडायची. एक दिवस मी शाळेतून आलो तर मोटार नाही. आईनं ती भंगारवाल्याला देऊन पिठाची चाळणी घेतली होती. तिचं तरी काय चुकलं? पण त्या चाळणीतलं पीठ मी पुढं कित्येक वर्षं खाल्लं रे."

"आणि तीच मोटार तुम्ही शोधताय? पन्नास-पंचावन्न वर्षं?"

"मोटारीचं काय घेऊन बसलास," ते म्हणाले. "जायच्या आदल्या दिवशी दादानं तिच्या खाली खिळ्यानं काहीतरी लिहिलं. मला म्हणाला, वाच. मी तिसरीत होतो, वाचता येत होतं. वाचलंही असेन. पण त्या वयात पोरं मोटार चालवतात, अक्षरं कोण बघतंय! दोन की तीन शब्द होते. आठवत नाहीत, वसंता. दादाचं तेवढंच अक्षर, माझ्यासाठी लिहिलेलं, आणि मला ते आठवत नाही." एवढं बोलून ते कंदिलाची वात उगीचच खालीवर करत बसले. त्या दिवसापासून मी त्यांच्या सवयीला हसलो नाही.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, तो कसला हे आमच्या वयाच्या माणसांना सांगायला नको. सोनईला माझी बहीण दिलेली. त्यापुढच्या उन्हाळ्यात तिला भेटायला गेलो, तर तिथल्या बाजारात धान्यापेक्षा लोकांच्या घरातली भांडीच जास्त आली होती. एका बाईसमोर दोन डबे, एक कंदील आणि एक पत्र्याची मोटार होती. दाराला लावतात तसला जाड हिरवा रंग तिच्यावर थापलेला, त्याचेही पोपडे निघालेले, चाकं केव्हाच गेलेली.

"ही पण द्यायची का?" मी विचारलं.

"घ्या की गुरजी. माज्या सासऱ्यानं भंगारातनं आनली हुती, आमचे मालक ल्हान असताना. आता पोरं आमच्यासंगं खडी फोडाया येत्यात. खेळायला हाय कोन घरी?"

मी मोटार उलटी केली, नाही असं नाही. खाली हिरवा रंग, गंज आणि मातीचा थर. अक्षर काही दिसलं नाही. मास्तरांची मोटार निळी, ही हिरवी. गणिताच्या मास्तराला याहून जास्त विचार करावासा वाटला नाही.

ती मास्तरांना गुरुपौर्णिमेला द्यायची असं मी ठरवलं. आता गुरूला द्यायची वस्तू गंजकी कशी द्यायची? लोक काय म्हणतील, आणि मलाच कसं बरं वाटेल? नगरच्या माळीवाड्यात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर माझ्या ओळखीचा होता. मी त्याला सांगितलं, "अशी कर की आज बंगल्यातून आल्यासारखी दिसली पाहिजे." त्याने तशी केली. लालभडक, चकचकीत, चाकं नवी. मी खुशीत तिला जिलेटीनच्या कागदात गुंडाळलं.

मास्तरांनी कागद सोडला आणि मोटार उलटी केली. खाली नवाकोरा पत्रा. त्यावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. "छान केलीस रे," म्हणाले, आणि ती फळीवर मधोमध ठेवली. मी त्यांच्या पाया पडलो. त्या दिवशी माझ्याइतका समाधानी शिष्य उभ्या जिल्ह्यात नसेल.

आठ दिवसांनी पेंटर रस्त्यात भेटला.

"मोटार आवडली का म्हाताऱ्याला? लई काम हुतं त्यात, गुरजी. हिरवा खरवडला तर खाली निळा निघाला."

मी त्याचा हात धरला. कसाबसा म्हणालो, "आणि खालचा पत्रा?"

"त्यो पार सडला हुता. कापून काडला आन् तुपाच्या डब्याचा नवा डागला. जुन्यावर खिळ्यानं लिव्हलं हुतं. 'दत्तूस. रडू नये.' कुना पोराला लिव्हलं आसंल, काय की."

"तो तुकडा कुठाय?"

"भंगारात गेला की. आमी काय करायचा ठिवून?"

मी तडक मास्तरांकडे गेलो. सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे, असं वाटेत घोकत गेलो. मास्तर मोटार मांडीवर घेऊन बसले होते आणि चेहरा असा फुललेला की तसा मी कधी पाहिला नव्हता. मला बोलूच दिलं नाही त्यांनी.

"बरं झालं आलास. हा टपाचा घाट बघ. दादा अश्शीच दुमड घालायचा काठाला. म्हणजे त्या वेळी अशा मोटारी करणारे आणखी होते तर! आणि ही एवढी टिकली, मग आपली का नसेल टिकली? मी तर बाजार सोडणार होतो, वसंता. थकलो होतो. आता नाही सोडत."

मी सांगितलं नाही. त्या वेळी मनाची समजूत घातली ती अशी, की तुकडा शोधून काढू आणि हातात ठेवूनच सांगू. नुसते शब्द सांगून काय उपयोग, अक्षर हवं. मग त्या रविवारपासून आम्ही दोघेही शोधायला लागलो. मास्तर मोटार शोधत होते आणि मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसून भंगाराच्या ढिगात तळहाताएवढा पत्रा शोधत होतो. "तुला आता कुठं गोडी लागली," असं म्हणून ते माझ्या पाठीवर थाप मारायचे. ती थाप मला शाळेतल्या छडीपेक्षा जास्त लागायची. एकेक रविवार गेला तसं सांगणं आणखी अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी ती चूक होती. दिवाळी उलटेपर्यंत तिचा गुन्हा झाला होता. मनाशी मी असंही म्हणायचो की शोध संपला तर म्हातारा जगेल कशावर? ही पळवाट होती. खरं एवढंच की मी भ्यालो होतो.

त्या थंडीत मास्तरांनी अंथरूण धरलं. छातीत कफ झाला आणि उतरेना. रविवारी मी एकटाच बाजारात जाऊन यायचो, आणि दारात चप्पल वाजली की आतून विचारायचे, "मिळाली का?" मी "नाही" म्हणायचो. लाल मोटार त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर असायची. असे चार रविवार गेले.

पाचव्या रविवारी त्यांनी विचारलं नाही. मला जवळ बसवलं. आवाज अगदी खोल गेला होता. "आता मिळायची नाही ती," म्हणाले. "मोटारीचं जाऊ दे. पण काय लिहिलं असेल रे दादानं? तुला काय वाटतं?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला उठायचं नव्हतं, कुठं जायचं नव्हतं, काही शोधायचं नव्हतं. तोंड उघडायचं होतं फक्त. ते उघडलं, आणि मी म्हणालो, "तुमचं नाव असेल, मास्तर. दुसरं काय असणार."

"हो. तसंच असेल," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. थोड्या वेळाने पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, लहान मुलाचं वाहतं तसं, न थांबता. दादाचे शब्द माझ्या तोंडात होते. मी उशाचा पंचा घेतला आणि त्यांचे डोळे पुसले.