श्रमिक संत जोसेफचा बोर्ड

बोर्ड भिंतीवर चढला, क्रेन परत गेली आणि फादरांनी वर पाहत नाव दोनदा वाचलं. अठरा वर्षं साइनबोर्डच्या धंद्यात आहे मी. गिऱ्हाईक नाव दोनदा वाचतं, तेव्हा काहीतरी चुकलेलं असतं.

"ताई," फादर म्हणाले, "यातला 'श्रमिक' शब्द कुठे गेला?"

मीच काढला होता. ऑर्डर होती 'श्रमिक संत जोसेफ चर्च'. चाकणच्या कंपन्यांत काम करणाऱ्या लोकांनी उभारलेलं नवं चर्च. मला वाटलं, कमिटीने हौसेने लावलेला शब्द असेल; देवमाणसाला बोर्डावर कामगार कशाला म्हणायचं? आमच्या लाइनीत नाव मोठं करायची सवय. मंदिरांच्या बोर्डांवर मी न विचारता एकाऐवजी दोन 'श्री' लावलेत, कुणाची कधी तक्रार नाही. तोच शहाणपणा इथे केला. चित्रही बदललं. त्यांनी दिलेल्या फोटोत संत जोसेफ करवतीने लाकूड कापत होते. मी नेटवरून हातात लिलीची फुलं घेतलेले शोधले.

"आर्टवर्क व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं मी," मी म्हटलं. आर्टवर्क म्हणजे बोर्ड कापण्याआधीचा कच्चा नमुना. "तुम्ही अंगठा पाठवलात."

"मला वाटलं, काम सुरू झाल्याचं कळवताय."

फादर मूळचे वसईचे, रागावले तरी हळू बोलतात. पायरीवर बसून त्यांनी मला समजावलं. कॅथलिक चर्चला ज्या संताचं नाव, तो त्या चर्चचा पाठीराखा. त्याचा दिवस तो चर्चचा सण, गावाची जत्रा असते तसा. संत जोसेफचे दिवस दोन: एकोणीस मार्चला मारियेचा पती म्हणून, एक मेला श्रमिक म्हणून. एक मेला बिशप उद्घाटनाला येणार होते, आणि त्या दिवशी दिलेलं नाव पुढे सहसा बदलत नाही. हातात चार दिवस होते.

शेजारी शांतवनकाका उभे होते. जालन्याकडचे, इथल्या एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमधून रिटायर झालेले. तिथे साच्यासाठी प्रत्येक पार्ट आधी लाकडात घडवतात.

"एकोणीस मार्चला कंपनीत इयर एंडिंग. सुट्टी कोण देतंय?" काका म्हणाले. "पण सुट्टीचं सोडा. हे नाव म्या मागितलंय, ताई. पस्तीस वर्षं लाकूड घासलं. वर कुणीतरी आपल्यावाणी हाताला घट्टे पडलेला असावा, एवढंच मनात होतं. बिशपसायबांनी मान्य केलं. आन् तुमी त्याच्या हातात फुलं दिली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोर्ड उतरवला. तळवड्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये कटिंग मशीनवर एका कंपनीचे सेफ्टी बोर्ड लागले होते. त्यांच्या मॅनेजरना फोन केला.

"तुमचं काम थोडं मागे ढकललं तर चालेल?"

"कारण?"

"एका चर्चचं नाव चुकलंय माझ्याकडून. एक मेला उद्घाटन आहे."

"एक मेला प्लँट बंदच असतो. दोन तारखेला सकाळी गेटवर पाहिजेत."

अक्षरं दिवसभरात झाली. चित्र अडलं. माझे मशीन ऑपरेटर रफीकभाई फोटो मोठा करून म्हणाले, "मॅडम, हात फुटतोय. बोटंच दिसत नाहीत." लहान फोटो मोठा केला की रेषा तुटतात, त्याला आम्ही फुटणं म्हणतो. शेवटी शांतवनकाकांना बोलावलं. ते स्वतःची करवत घेऊनच आले. चित्रात बसवायला रफीकभाईंनी करवत धरलेल्या त्यांच्या हातांचे फोटो काढले. उजवी तर्जनी एका पेराने कमी होती.

"हे बोट मी कॉम्प्युटरवर पूर्ण करतो," रफीकभाई म्हणाले.

"आता मनाने काही करायचं नाही," मी म्हटलं. "आहे तसं कापा."

एक मेला बिशपनी बोर्डावरचा पडदा सरकवला. लोकांनी नाव वाचून टाळ्या वाजवल्या. काकांची बायको मात्र चित्राकडेच पाहत होती.

"अवो, हे तर तुमचं बोट हाय."

"गप. बिशप बघायलेत," काका म्हणाले आणि त्यांनी हात खिशात घातला. डोळे पुसायला मात्र तो बाहेर काढावाच लागला. माझंही काही वेगळं नव्हतं.

आता नाव ज्याने मागितलं त्याला भेटल्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही. त्यात अर्धा दिवस जातो. चढलेला बोर्ड उतरवायला त्याहून जास्त जातो.