डिंगोरे ते भीमाशंकर, एका चहासकट

जुन्नरहून एसटीनं डिंगोऱ्यात उतरलो आणि रस्त्याच्या कडेलाच माझी सॅक पुन्हा उघडली गेली. पुण्यात ती सुधाकरकाकांनी भरून दिली होती: स्टोव्ह, पाच दिवसांचा शिधा, दोरी, दोन टॉर्च. आता मृणाल त्यातलं निम्मं बाहेर काढत होती. वाटेत गावं आहेत, माणसं आहेत, तांदूळ कशाला वाहायचे, असं तिचं म्हणणं. काका काढलेलं परत आत ठेवत होते. मी सांगलीची, सपाटीवर चालणारी. एवढं लांब प्रथमच निघालेली. दोघांच्या मधे पडण्यापेक्षा मी शेजारच्या वाफ्यांतली कांद्याची लागण बघत राहिले. शेवटी तांदूळ माझ्याकडे राहिले आणि दोरी काकांच्या सॅकमध्ये गेली.

लांब पल्ल्याचं चालणाऱ्यांत इतके पंथ असतात हे मला ठाऊक नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला सगळे सॅकवाले सारखेच. काका सहासष्ट वर्षांचे, निवृत्त सर्व्हेअर. आपलं सगळं आपल्या पाठीवर, पाणी झऱ्याचं नाहीतर हापशाचं, आणि कुणाच्या घरचं काही म्हणजे काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. अकरा वर्षं, तुकड्यातुकड्यानं, असा त्यांनी सह्याद्री चालत आणला होता. डिंगोरे ते भीमाशंकर हा शेवटचा तुकडा उरला होता. तो झाला की आमच्या पुण्याच्या चालणाऱ्यांच्या ग्रुपच्या 'स्वावलंबी' यादीत त्यांचं नाव लागणार होतं. त्या यादीत अजून दोनच नावं आहेत. काकांचा गुडघा पुढच्या वर्षी इतकं चालू देईल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं, म्हणजे काय ते याच खेपेला.

मृणाल अडतीसची, फिजिओथेरपिस्ट. चालायचं ते माणसं भेटावीत म्हणून, आणि कुणाकडून काही न घेणं हा नुसता ताठा आहे, असं तिचं मत. मृणालचं चालणं म्हणजे पाहुणचार झोडत केलेली सहल, हे काकांचं. मला दोघांचंही पटायचं, आणि तीच माझी पंचाईत होती.

गाव मागं पडल्यावर रस्त्याला लागून एक घर आलं. घराशेजारी पत्र्याची शेड होती आणि तिच्यात चाळिशीचा एक माणूस पाण्याच्या जळालेल्या मोटारीला नवी तांब्याची तार भरत बसला होता. आम्हाला बघून तो उठला. पावणं उन्हाचं कुठं निघाले, बसा, चा घ्या, असं म्हणत त्यानं पडवीत सतरंजी टाकली. त्याचं नाव राहुल. पुढच्या सोंडेवरची (डोंगराच्या उतरत्या धारेवरची) वाट कुठून धरायची, कुठं फसगत होते, हे तो हातवारे करून सांगत होता. आतल्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दोघांच्याही तसबिरींना ताजी फुलं होती. थोड्या वेळानं त्याची बायको चहा घेऊन आली.

काकांनी हात जोडले. "मला नको. मी कुणाच्या घरचं घेत नाही," ते हसून म्हणाले आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले.

राहुलभाऊ त्यांच्याकडं बघत राहिले. "कुनाच्याच न्हाई?"

"कुणाच्याच नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि काकांचा कप उचलून आत ठेवून आले. त्यानंतर वाटेबद्दल विचारलं की एका शब्दात उत्तर मिळू लागलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी अर्धा कप आणखी मागून घेतला.

चढ लागल्यावर मृणालनं काकांना गाठलं आणि त्या घरात तुम्ही काय केलंत हे कळलं का, असं विचारलं. काकांना खरंच कळलं नव्हतं. तिनं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "अगं, पण मी जात बघत नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला बघावी लागत नाही, काका. त्यांना लागते."

पलीकडच्या वाडीत देवळाशी मुक्काम केला तेव्हा काकांनी आपली खिचडी शिजवली आणि जेमतेम चार घास खाल्ले.

सकाळी बघते तर काका बूट घालून तयार. मागं जाऊन येतो, म्हणाले. मला वाटलं होतं मृणाल खूश होईल, पण ती उलट भडकली. तुमच्या मनाचं ओझं उतरवायला त्यांच्या दारात जाऊ नका, तुम्हाला बरं वाटावं ही त्यांची जबाबदारी नाही, असं तिनं सुनावलं. काका म्हणाले, तेही खरं असेल, पण मला जायला हवं. मृणाल वाडीतच थांबली. मी काकांबरोबर निघाले, आणि त्यात काळजीपेक्षा कुतूहल जास्त होतं हे कबूल करते. उतारावर त्यांचा गुडघा दुखत होता. दीड तास लागला.

राहुलभाऊ शेडमध्येच होते. काकांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं: अकरा वर्षं, नेम, यादी. सांगता सांगता त्यांनाच ते हास्यास्पद वाटायला लागलं असावं, कारण मधेच थांबून ते एवढंच म्हणाले, "काल माझी चूक झाली. चहा असेल तर द्या."

"मंग तुमचा नेम मोडंल की."

"मोडू दे."

राहुलभाऊंनी हातातली तार खाली ठेवली. बायको लागणीला गेली होती. त्यांनी स्वतःच चहा टाकला आणि आपल्यासाठीही कप भरून समोर बसले. काका सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

"पावणं, एक सांगतो," राहुलभाऊ म्हणाले. "चा पिला म्हंजी फिटलं, असं न्हाई. आमी लई बघितलेत असं हात जोडणारं. पर तुमी माघारी आलात. तसं कुनी येत न्हाई." मग ते वाट पुन्हा समजावायला लागले, कालच्यासारखी, हातवारे करून.

पुढचे दिवस चांगले गेले. कुकडीचं खोरं ओलांडलं, दुर्गवाडीच्या पठारावर वाऱ्यानं माझी टोपी नेली, आहुप्याच्या कड्यावर पालथं पडून खालचं कोकण बघितलं. मृणालनं आणि मी एका घरी नाचणीची भाकरी आणि खर्डा खाल्ला. काका आपली खिचडीच खात होते, पण आता कुठल्याही अंगणात शिरलं की चूल पेटायच्या आधीच ते आपला नेम पहिल्यापासून सांगायचे. त्यापेक्षा चहा लवकर होतो, असं मृणाल म्हणायची. दोघांचं भांडण भीमाशंकरापर्यंत मिटलं नाही. मिटावं असं मला वाटतही नव्हतं.

सांगलीला परतण्याआधी पुण्यात ग्रुपची बैठक होती. मला वाटलं, काका त्या सकाळबद्दल बोलणार नाहीत. ते सगळं बोलले. मग अर्धा तास खल झाला. एकजण म्हणाला, अकरा वर्षांत एक चहा, तोही माणुसकीखातर घेतलेला. तो कशाला धरायचा? बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि काकांचं नाव लिहायला वही पुढं ओढली. मृणालही म्हणाली, लिहा. तिच्याकडून ही मोठीच गोष्ट होती.

काकांनी वहीवर हात ठेवला. "नाव लिहू नका," ते म्हणाले. "तो चहा धरा. त्यांच्या घरचा चहा धरायचा नाही म्हटलं, तर मी परत कशाला गेलो?"