आक्कांचं रक्त अंगी लागलं

थोरल्या नणंदबाई, आमच्या आक्का, गेल्या त्याला महिना होत आला. पण त्यांच्यावरचा माझा राग काही ओसरत नाही. शेवटची भेट नगरच्या दवाखान्यात. त्यांना रक्त चढवायचं होतं म्हणून मी बाही सारून उभी राहिले, तर पोरगेला डॉक्टर हसला, "आजी, या वयात घेत नाहीत." आणि खाटेवरून आक्का... "ऱ्हाऊ दे गं शांते. वापरलेलं परत न्हाई घेत मी."

टोमणा त्यांना शोभायचा, कारण रक्त मुळात त्यांचंच. बहात्तर साली थोरल्या लेकीच्या वेळी बाळंतपणात माझं इतकं रक्त गेलं, की डॉक्टरीण म्हणाली, आज चढवलं नाही तर बाई हातची जाईल. बाई कसली, विशीतलं शेंबडं पोर मी! अर्धवट शुद्धीतही हट्ट काय, तर रक्त घेईन ते माहेरचंच. सोयरीक जमवताना आमच्यात देवक बघतात, एकच निघालं तर एकाच रक्ताचे म्हणून सोयरीक मोडतात. रक्तही देवकावरच जुळत असणार, ही माझी अक्कल. एका देवकाचा सख्खा भाऊ असताना काळजी कसली? दादा निरोप मिळताच तिसगावहून गूळ-शेंगदाणे खात, दंड थोपटत आला. तपासणाऱ्याने काचेवर आमचं दोघांचं रक्त मिसळलं, तर दूध नासावं तशा गुठळ्या! "हे चढवलं तर बाई इथंच संपेल," म्हणाला.

मग आक्कांनी न विचारताच हात पुढे केला. जुळलं... मेलं नेमकं त्यांचंच जुळलं! पण थोडी बाटली गेली नि माझ्या अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या. मी ओरडले, "बघा, नणंदेचं लागायचंच नाही मला!" डॉक्टरणीने बाटली थांबवली, पुन्हा तपासलं, इंजेक्शन दिलं. म्हणाली, "गट बरोबर आहे. अंग जरा कुरकुरतंय, इतकंच." आक्का शेजारी बशीतला चहा फुंकत होत्या. "कुरकुर तिची जुनीच हाय. चालू करा तुमी." गांधी बसल्यावर बाटली हळूहळू पुन्हा सुरू झाली आणि मी जगले.

जगले ती जन्मभर ऐकून घ्यायला. कालवण चांगलं झालं, की "माझं रक्त." मी कोपर खाजवलं, की "कुरकुरलं का गं माझं रक्त?" वैतागून म्हणायचे, "अहो, कधीच संपलं ते!" त्यावर ठरलेलं उत्तर, "संपतंय कशाला? मुरलंय."

परवा भाकरी थापताना डाव्या कोपराला खाज सुटली. सवयीने आधी भिंतीकडच्या त्यांच्या पाटाकडे डोळे वटारले... पाट रिकामा. पिठाच्या हातानेच कोपर खाजवलं नि म्हटलं, "मुरलंय हो, आक्का."