देवास दाखवण्याचा कार्यक्रम

आमच्या वेळी लोक मुलगी बघायला यायचे. माझ्या मुलाच्या वेळी मुलगीच गाव बघायला आली.

मुलगा तिला पसंत होता, त्याबद्दल वादच नव्हता. दोघं पुण्यात तीन-चारदा भेटले होते, फोनवर तर तास तास बोलायचे. पण तिच्या आईने मला फोन करून अगदी गोड आवाजात सांगितलं, "मुलगा लाखात एक आहे हो, प्रश्न फक्त देवासचा आहे. ती चार दिवस येऊन राहील, गाव बघेल, मग ठरवू." मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ह्यांना म्हणाले, "घ्या! आता गावाला पावडर लावा."

म्हणाले हसतच, पण काळजी खरी होती. ह्याआधीची कितीतरी स्थळं देवासपाशीच येऊन अडली होती. शिक्षण जुळायचं, पत्रिका जुळायची, मग तिकडची बाई विचारायची, "देवास म्हणजे इंदूरच ना?" आम्ही म्हणायचो, जवळच आहे. ते "जवळच" ऐकलं की पुढचा फोन येतच नसे. मुलगा इथल्या कारखान्यात इंजिनिअर आहे, स्कूटरवर दहा मिनिटांत कामावर पोचतो, दुपारी घरी येऊन गरम पोळी खातो. ह्या खेपेला त्याने स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "आई, ही नाही म्हणाली तर मी पुण्यात नोकरी बघतो. आज ना उद्या कुणासाठी तरी जावंच लागणार आहे." एकुलता एक मुलगा. तो गेला की आम्ही दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचं ब्लडप्रेशर मोजायचं. म्हणजे त्या पोरीच्या हो-नाहीवर आमचंही पुढचं आयुष्य टांगलेलं होतं.

त्यात अडचण अशी, की देवासची सगळ्यात मोठी वैरीण आमच्याच घरात होती. मीच.

मी धारची. लग्न होऊन इथे आले त्या दिवसापासून मी देवासला नावं ठेवत आले आहे. आमचं धार साडेबारा तळ्यांचं गाव, आणि मला दिलं कुठे, तर जिथे एके काळी प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं! धारला संध्याकाळी तळ्यावरून वारा येतो, इथे कारखान्यांकडून वास येतो. धारला माणसं सावकाश बोलतात, इथे जो तो इंदूरची बस पकडायच्या घाईत. धारचं केळं गोड, धारचा दुधवाला प्रामाणिक. हे म्हणायचे, "तुमच्या धारला सूर्यसुद्धा दोनदा उगवत असेल." मी म्हणायची, "उगवतोच."

म्हणून मुलाने हात जोडून सांगितलं, "आई, चार दिवस धारचं नाव काढायचं नाही. आणि बाबा, तुम्ही जरा मराठीत बोला." हे जन्मभर बँकेत हिंदी बोललेले, घरातही वाक्य मराठीत सुरू करतात आणि "वो क्या है ना भिया" करत हिंदीत संपवतात. आता शुद्ध मराठी बोलायचं म्हटल्यावर ह्यांना आठवली ती आजोबांची, सत्यनारायणाच्या पूजेतली. मुलगी दारात उतरली आणि हे म्हणाले, "आपले आगमन सुखरूप झाले ना? हस्तपाद प्रक्षालन करून घ्यावे." ती बिचारी मुलाकडे बघायला लागली. तो म्हणाला, "हातपाय धू, म्हणतायत."

पाण्याची तयारी मात्र मी जातीने केली होती. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तोही सकाळी जेमतेम पाऊण तास. सगळ्या मोहल्ल्याचं घड्याळ त्यावर चालतं. जिन्याखाली आमचे तीन निळे ड्रम उभे असतात. ते मी वरच्या टंकीत रिकामे करवले, टंकी काठोकाठ भरली आणि ड्रमांवर माझी चांगली, फुलाफुलांची चादर घातली. वर पितळेचा गणपती ठेवला. म्हटलं, बघणाऱ्याला वाटेल देवाची जागा आहे.

ती आली ती एकटीच. तिच्या आईचे गुडघे दुखतात, आणि मुलगी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. मला उगाच हसू आलं, पण दाबलं. पोरगी साधी होती. सावळी, उंच, बोलणं कमी, बघणं जास्त. घर बघताना बाहेरच्या खोलीपाशी थांबली. "ही रिकामीच?" ह्यांनी सांगितलं की कोचिंगवाला एक जण मागतोय, त्याला भाड्याने द्यायचा विचार आहे. ती "अच्छा" म्हणाली आणि पुढे गेली.

पहिल्या दिवशी तिला माताजीची टेकडी दाखवली, वरून सगळं गाव दाखवलं. मग ह्यांना राहवेना. गाडी काढली आणि सरळ इंदूरला नेली. मोठे मोठे मॉल, चकाचक रस्ते, मोठी हॉस्पिटलं, हे सगळं हे अशा थाटात दाखवत होते जसं काही आमच्या मागच्या अंगणातच आहे. संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "काका, इंदूर छान आहे. देवास कधी बघायचं?"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मी मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे, आपलं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी मांडूचा किल्ला बघायचा बेत होता. पहाटेच निघालो. मांडूला जायचं तर वाटेत धार लागणारच, आणि धार लागलं तर माझ्या भावाकडे जेवण होणारच, त्यात माझा काय दोष? जाताना धार मागे टाकून पुढच्या नालछ्यापर्यंत मी कशीबशी गप्प बसले. येताना मात्र धारला तळ्याकाठून गाडी गेली आणि माझं तोंड जे सुटलं! ही शाळा, हा उतार, इथे मी सायकलवरून पडले होते. भावाकडे आमरस नव्हता, अजून दिवस नव्हते त्याचे, पण वहिनीने बासुंदी केली होती. नवे काचेचे पेले काढले होते. ताटाभोवती रांगोळी. निघताना वहिनी म्हणाली, "वन्सं, आता परत कधी याल?" गाडीत ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही इथे आल्यावर एकदम वेगळ्याच झालात." मुलाने आरशातून माझ्याकडे जे डोळे वटारले ते मी अजून विसरले नाही.

आणि ह्या सगळ्या आनंदात एक गोष्ट आम्ही तिघंही विसरलो. तो दिवस नळाचा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हायला गेली. त्याआधी पोरीने शहाण्यासारखे स्वतःचे कपडेही धुऊन टाकले होते. मी पोहे परतत होते. तेवढ्यात आतून आवाज आला, "काकू, नळाला पाणी येत नाहीये!" गॅस बंद केला. मी ओरडले, "अगं, मोटर बिघडली असेल, दोन मिनिटं थांब हं!" हे गच्चीवर धावले आणि रिकाम्या टंकीवर हाताने ठोकून बघू लागले, ठण् ठण्. तो आवाज सगळ्या मोहल्ल्याने ऐकला.

शेजारच्या भाभीने भिंतीवरून डोकं वर काढलं. तिचा आवाज म्हणजे काय सांगू, लाउडस्पीकर परवडला. "अरे भाभीजी! कल नल आया तब तो आप लोग धार में थे! टंकी कहाँ से भरेगी? और वो सीढ़ी के नीचे वाले ड्रम? वो भी खाली?"

मी तिला हाताने गप्प बस, गप्प बस अशा खुणा करतेय, आणि तिला वाटतंय मी नको म्हणतेय. "अरे, इसमें शरमाने की क्या बात है!" म्हणत तिने आपल्या टंकीचा पाइप भिंतीवरून आमच्या अंगणात फेकलासुद्धा. मागे वळून बघते तर ती मुलगी उभी. केसांत शाम्पूचा फेस, अंगावर गाउन, खांद्यावर टॉवेल. तिने गणपती उचलून खिडकीत ठेवला, चादर घडी करून बाजूला ठेवली आणि पाइपचं टोक ड्रममध्ये सोडलं. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. संपलं, म्हटलं. गेली ही. आणि हिच्यामागे मुलगाही गेला.

न्हाणं झाल्यावर ती केस पुसत पायरीवर येऊन बसली. मी पोह्यांची बशी पुढे केली, वरून शेव घातली. तिने बशी घेतली आणि म्हणाली, "काकू, एक विचारू? रागावू नका. पाण्याचं मला काही नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत रोज टँकर येतात, त्यावरून भांडणं होतात. पण ड्रमांवर चादर का घातलीत? मला राग आला त्याचा. मी चार दिवस सुट्टी काढून बघायला आले आणि तुम्ही मला इंदूर दाखवताय."

मी रागीट बाई आहे. कुणी असं तोंडावर बोललं की मी चिडते. पण त्या दिवशी चिडले ती निराळ्याच बाजूने. म्हटलं, "खरं ऐकायचंय? ऐक मग."

आणि सुरू झाले. उन्हाळ्यात पाण्याची बोंब. जरा मोठं दुखणं आलं की धावा इंदूरला. मराठी नाटक बघायचं तर इंदूर, चांगली साडी घ्यायची तर इंदूर. इथल्या आपल्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, तुझा होणारा नवराही लग्नपत्रिका अडखळत वाचतो. संध्याकाळी जायला जागा नाही. तू जीन्स घालून दुकानात गेलीस तर रात्रीच्या आत माझ्या कानावर येईल. सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. इतक्या वर्षांचं साठलेलं भडाभडा ओतलं मी. मुलगा ऑफिसला निघाला होता, तो दारातच कपाळाला हात लावून उभा राहिला.

ती मात्र हसायला लागली. म्हणाली, "मग तुम्ही राहिलात कशा?"

"मला कुणी विचारलं होतं?" मी म्हणाले. "मलाच दाखवलं, मला गाव कोण दाखवतंय! लग्न झालं, आले."

"मग आता मी विचारते," ती म्हणाली. "आज तुम्हाला कुणी सांगितलं, की कुठेही राहा, तर? धारला जाल?"

मी तोंड उघडलं. धार म्हणायलाच उघडलं होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर आदल्या दिवशीचे ते नवे काचेचे पेले आले. रांगोळी आली. वहिनी फार चांगली आहे, जीव लावते, पण परत कधी याल हे पाहुण्यालाच विचारतात. धारला माझी सायकल होती. माझे ड्रम रिकामे झालेले तिथे कुणाला कळणार?

"नाही," मी म्हणाले. "इथेच राहीन." माझा माझ्यावरच विश्वास बसेना. डोळ्यांत पाणी आलं, ते तिच्यासमोरच पुसलं. "पण माझं ऐकून तू काही ठरवू नकोस. माझं आयुष्य गेलं इथे. तुझं काम आहे, तुला मन मारून राहायला लागू नये."

तिने मान हलवली. दुपारी एकटीच ऑटो करून बाहेर पडली. मेडिकलवाल्याकडे गेली, स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेली, मोडक्या गुडघ्यांनी इंदूरच्या बसमध्ये चढणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलली. हे सगळं मला मागाहून कळलं, भाभीकडून, कारण इथे सगळ्यांना सगळं कळतं. परत येऊन बॅग भरली. दुसऱ्या दिवशी पाया पडून गेली. ना हो म्हणाली, ना नाही.

मग ते दिवस! मुलगा ताटावरून लवकर उठायचा. लॅपटॉपवर पुण्याच्या नोकऱ्या बघत बसायचा. हे माझ्याशी अबोला धरून होते, बोललेच तर एवढंच, "काय गरज होती सगळं ओकायची? जरा तोंडाला कुलूप लावलं असतं तर?" मीही मनात म्हणत होते, खरंच काय गरज होती. पण मग वाटायचं, चादर परत घातली असती तरी किती दिवस टिकली असती? सून आल्यावर तिच्यासमोर जन्मभर ड्रम लपवायचे का?

एका सकाळी नळ आला होता. मी ड्रम भरत होते, एका हातात पाइप. फोन वाजला. तिचाच. मला वाटलं, नाही म्हणायलाच केलाय, मुलाला सांगवत नसेल म्हणून मला सांगतेय. 

"काकू," ती म्हणाली, "ती बाहेरची खोली त्या कोचिंगवाल्याला दिली का हो?"

"नाही अजून. का गं?"

"देऊ नका. मला लागेल. पेशंटना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. फक्त तिथे एक वेगळा नळ काढून घ्यावा लागेल, आणि एक ड्रम."

मी म्हटलं, "एक कशाला, दोन घे." पुढे काय बोलले मला आठवत नाही. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं झालं. ड्रम भरून वाहत होता, अंगणात पाणीच पाणी, आणि मी पायरीवर बसून रडत होते. ह्यांना हाक मारायला हवी होती, मुलाला फोन करायला हवा होता. पण उठले आणि आधी भिंतीपाशी गेले आणि भाभीला हाक मारली.

ती हातात पाइप घेऊनच आली. "क्या हुआ भाभीजी, आज फिर पानी नहीं?"

"पानी आ गया भाभी," मी म्हणाले. "अब बहू आ रही है."