दाजींनी पाडलेला माणूस

चाकणच्या लोकांशी मी गोड बोलत नाही. बहीण त्या गावात दिलेली आहे, तरी नाही. माझी थेरगावात पिठाची गिरणी आहे. तिकडचा कुणी पाहुणा गिरणीवर टेकला तर पाणी देतो, चहा विचारत नाही. कुणाला हा माझा तऱ्हेवाईकपणा वाटतो, वाटू दे. त्याचं कारण आमचे दाजी, ज्योतीराम वस्ताद.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, यशोदाबाईचे मालक. कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली, बोलणं मोजकं. पोटासाठी कांद्याच्या बाजारात पोती उचलायचे, बाकी सगळा जीव तालमीत. सकाळ-संध्याकाळ गावातली पोरं मातीत लोळवायची, त्यांच्या मानेवर बसून जोर काढून घ्यायचे. कुणी कामचुकारपणा केला की असा धपाटा घालत, की पोरगं आईचं नाव घेत उठे. अक्का तर म्हणायची, की लग्नात भटजींनी हिचा हात धरा म्हटलं, तेव्हा या माणसाने माझं मनगट पिरगाळून बघितलं.

त्यांचा कायदा एकच. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. पडलेल्या गड्याला मग कुणी बोट लावायचं नाही, आणि ज्याने पाडलं त्यानेच त्याला राखायचं. एका जत्रेत दाजींनी पाडलेल्या पैलवानाला बघ्यांपैकी एकाने लाथ घातली. दाजींनी जिंकलेला फेटा बाजूला ठेवला आणि त्या लाथ घालणाऱ्याचे पुढचे दात पाडले. तेव्हापासून आसपासच्या गावांत हा कायदा सगळ्यांना पाठ होता.

त्यांचा सगळ्यात लाडका पठ्ठा भिमाजी. बाप नसलेलं पोर. दाजींनी त्याला स्वतःच्या वाटचं दूध पाजून वाढवलं, पैलवान केलं, लग्न लावून दिलं. त्याची मुलगी अंबू दाजींच्याच मांडीवर मोठी झाली.

गोष्ट सत्तावन्न सालची. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं चालली होती, आमच्या बाजूला नदीवर पुलाचं काम निघालं होतं. कुठून तरी आवई उठली, की पुलाच्या पायात जिवंत पोर पुरल्याशिवाय खांब धरत नाही, आणि पोरं धरायला परमुलखातली माणसं सोडली आहेत. सिमेंटची पोती येताना लोक रोज डोळ्यांनी बघत होते. तरी पटलं ते पोरांचंच. बायांनी पोरं दारात डांबली, आणि बाप्ये पारावर बसून एकमेकांना घाबरवू लागले.

त्या शनिवारी चाकणचा बाजार होता. मी बैल बघायला आलो होतो. दुपारी पाच परदेशी विद्यार्थी भाड्याच्या सायकलींवरून आले. आफ्रिकेतली पोरं, पुण्यात शेतकीच्या कॉलेजात शिकणारी. सुटीचे दोन दिवस हाताशी आहेत, तर शिकायला आलोय तो मुलूख बघावा, चाकणचा किल्ला पाहावा, रात्री खेडला धर्मशाळेत टेकावं आणि रविवारी परतावं, एवढाच त्यांचा बेत. हे मला पुढे कोर्टात कळलं. खंदकाच्या कडेला बसून त्यांनी पाव-अंडी खाल्ली, एकमेकांचे फोटो काढले, गाणी म्हटली. भोवती जमलेल्या पोरांना बिस्किटं वाटली. त्यांच्यातला सगळ्यात उंच ओकेलो. त्याने अंबूला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि तटाच्या कडेने चक्कर मारायला निघाला. अंबू खिदळत होती. एवढ्याशा पोरीला सायकलवर बसायला मिळालं तर ती दुसरं काय करणार?

सोजराबाई नावाची म्हातारी बाजाराला येत होती. तिने ते बघितलं आणि डोक्यावरची पाटी टाकून बोंब मारली, की पुलवाल्यांनी भिमाजीची पोर नेली.

बाजार उठला. ज्यांना गिऱ्हाईक सोडून घरी जेवायला जायचा कंटाळा येतो, ती माणसं काठ्या घेऊन धावत सुटली. ओरडा ऐकून ओकेलोने सायकल वळवली आणि पोरीला तो आपण होऊन परत घेऊन आला. पळवणारा माणूस पोर परत आणून देतो का, हा प्रश्न तिथे एकालाही पडला नाही. पहिला धोंडा त्याच्या भुवईवर बसला. बाकीच्या मित्रांनी त्याला हाका मारल्या. दोघे सायकलींवरून खेडच्या दिशेने पोलिसांकडे सुटले, दोघे शेतांतून पळाले. ओकेलोही पळाला असता. पण अंबूचा परकर साखळीत अडकला होता, आणि तो वाकून, डोळ्यांत रक्त येत असताना, तो परकर सोडवत बसला. तेवढ्यात लोकांनी त्याला गाठलं.

पुढचं सांगताना अजून माझं अंग तापतं. कांद्याच्या एका व्यापाऱ्याने तराजूचा लोखंडी दांडा त्याच्या पाठीत घातला. कुणी बैलांच्या जुवाची शिवळ काढून आणली होती, कुणी नुसत्याच वहाणा. ज्याला आतपर्यंत पोचता येईना तो मागून दगड भिरकावत होता, आणि त्यातले निम्मे पुढच्यांनाच लागत होते. त्यामुळे पुढचे आणखी चवताळत होते. ओकेलो गुडघ्यावर येई, दोन्ही हात पुढे करून काही सांगू बघे, आणि उठून उभा राही. तो उभा राहिला की लोकांना वाटे, हा अजून मस्तीत आहे. मग पुन्हा मार. त्याचा सदरा फाटून गळ्यात लोंबत होता, तोंडातून दातासकट रक्त पडत होतं. मी मध्ये घुसलो, तर माझ्या कानशिलात कुणाचं तरी कोपर बसलं आणि मी मागच्या मागे कोलमडलो.

दाजी पोतं टाकून आले ते माझ्या अंगावरूनच. त्यांनी आधी दोघांना मानगूट धरून फेकलं, तिसऱ्याच्या पोटात गुडघा घातला. ओरडले, पण ऐकतो कोण? एक फेकला की चार येत होते. तेवढ्यात पलीकडून भिमाजी आला. हातात पहार. डोळे असे, की मी त्याला ओळखलंच नाही. अंबू बाजूलाच उभी राहून रडत होती, धडधाकट, तरी ती त्याला दिसली नाही. लोकांनी त्याला वाट करून दिली. पहार डोक्याच्या वर गेली.

दाजींनी भिमाजीकडे बघितलंही नाही. ते ओकेलोच्या समोर गेले, पाय रोवले आणि शड्डू ठोकला.

तो आवाज त्या बाजारातल्या प्रत्येकाच्या अंगात मुरलेला. जत्रेत वस्तादाने शड्डू ठोकला की माणसं मागे सरतात, कडं करतात. तशीच सरली, विचार न करता. भिमाजीसुद्धा एक पाऊल हटला. दाजींनी ओकेलोचा हात बगलेत दाबला आणि ढाक मारून त्याला डोक्यावरून आपटला. तालमीतली मऊ माती नव्हती ती, बाजाराची दगडी जमीन होती. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दाजी त्याच्या छातीवर बसले, दोन्ही खांदे जमिनीला लावले आणि एक हात वर केला.

"पाठ लागली," ते म्हणाले. "आता ह्याला हात लावंल त्याची कुस्ती माझ्यासंगं."

सगळे थबकले. दगड घेतलेले हात खाली आले. भिमाजी तेवढा पुढे आला आणि म्हणाला, "वस्ताद, सरा. माझी पोर हाय."

"मग आदी मला मार."

आणि त्याने मारलं. ज्या घरचं दूध प्यायला त्या घरच्या माणसाला. पहार दाजींच्या खांद्यावर बसली, डावा हात तिथल्या तिथे लुळा पडला. दाजी तसूभर हलले नाहीत. भिमाजीच्या हातून पहार गळाली आणि तो पोरीला उचलून पळत सुटला.

माणसं पांगली नाहीत. लांब उभी राहून वाट बघत होती. दाजींना ते कळत होतं, म्हणून ते उठले नाहीत. खालच्या त्या पोराला काय ठाऊक? त्याला वाटलं, हा राक्षस आपला जीव घेतोय. तो सुटायची धडपड करी, दाजी उजव्या हाताने त्याची मान पुन्हा जमिनीला दाबत. त्याने दाजींच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. दाजींनी चावू दिलं. शेवटी पोलिसांची गाडी धुरळा उडवत आली. तेव्हा मात्र सगळा बाजार दिसेनासा झाला. पोलिसांना दिसलं ते एवढंच, की रक्तबंबाळ परदेशी पोरगं खाली आणि एक मोडक्या कानांचा आडदांड माणूस त्याच्या छातीवर. पहिली लाठी त्यांनी दाजींनाच हाणली.

खटला तालुक्याच्या कोर्टात उभा राहिला. गावातल्या सगळ्यांना एकाएकी आठवलं, की त्या दिवशी आपण शेतावर होतो. ऐन बाजाराच्या दिवशी सगळं गाव शेतावर! मी साक्ष दिली. सरकारी वकिलाने विचारलं, आरोपी तुमचा कोण? मेव्हणा, म्हटलं. तो नुसता हसला आणि खाली बसला. मी त्याला नको ते बोललो, तेव्हा मला बाहेर काढायची धमकी मिळाली. दाजींनी कबूल केलं, की पाडला तो मीच, नाही तर लोकांनी जिवे मारला असता. कोणते लोक, असं विचारल्यावर मात्र त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. खांद्याचं विचारलं, तर पोतं पडलं म्हणाले. भिमाजी मागच्या बाकावर खाली मान घालून बसला होता. त्याने मान वर केली असती, एक शब्द बोलला असता, तर दाजी सुटले असते आणि तो आत गेला असता.

मग ओकेलो. उजवा हात गळ्यात बांधलेला, एक डोळा अजून अर्धा मिटलेला. त्याचं इंग्रजी एक कारकून मराठीत सांगत होता. पोरीला सायकलवर का बसवलं? तिने मागितलं म्हणून. मारणारे कोण? पुष्कळ होते, चेहरे आठवत नाहीत, एकच आठवतो, तो मरेपर्यंत विसरणार नाही. असं म्हणून त्याने डाव्या हाताचं बोट दाजींकडे केलं. त्या पोराने खोटं काहीच सांगितलं नाही. म्हणून तर मला रडू फुटलं.

सहा महिने सक्तमजुरी झाली. बाहेर आवारात दाजींच्या हातात बेड्या, आणि समोरून ओकेलो मित्रांच्या आधाराने सावकाश मोटारीकडे चाललेला. मी दाजींना म्हटलं, मी आत्ता जातो, त्याला धरून हलवतो आणि खरं काय ते सांगतो. ज्याच्यासाठी खांदा गमावला त्यानेच तुमच्याकडे बोट दाखवलं, आणि तुम्ही गप्प कसे राहता?

दाजी त्या मोटारीकडे बघत होते. "दाखवू दे की," ते म्हणाले. "मेलेला मानूस बोट दावतो व्हय?"

शिपायाने दोरी ओढली, आणि ते त्याच्या मागोमाग गाडीत चढले.