माझी तक्रार, मिनिटाला चाळीस शब्द

परतूरला असताना आम्ही एका विश्वस्त मंडळाच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मी तेव्हा कापूस खरेदी केंद्रावर प्रतवारी करायचो, म्हणजे शेतकऱ्याने गाडीभर आणलेला कापूस मुठीत धरून तो वाटतो तितका चांगला नाही, असं त्याला सांगायचो. आमच्या डोक्यावर, लाकडी फळ्यांच्या मजल्यावर, टंकलेखनाची संस्था होती. सकाळी सात ते संध्याकाळी सात, तासाला एक बॅच, बॅचला अठरा मशीन. त्या काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकात, तालुक्यातल्या प्रत्येक बापाची खात्री होती की लेकराला टायपिंग आलं की सरकार दारात गाडी घेऊन उभंच राहणार.

पहिलं वर्ष आम्हा नवरा-बायकोचं त्या आवाजाखाली बरं गेलं. रविवारी संस्था बंद असली की उलट काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. अडचण सुरू झाली ती माय आल्यावर.

वडील गेल्यापासून माय कुंभार पिंपळगावच्या बाजूला आमच्या गावी एकटीच राहत होती. संक्रांतीनंतर एकदा चक्कर येऊन अंगणात पडली आणि ऊन कलेपर्यंत कुणाला पत्ता नाही. मी जाऊन तिला जवळजवळ उचलूनच परतूरला आणलं. तिला अर्धशिशीचा जुना त्रास. दुसऱ्याच दिवशी कपाळाला फडकं आवळून ती आढ्याकडे बघत म्हणाली, "आरं, वरी फुटाण्याची भट्टी हाय का?"

"शाळा आहे माय. टायपिंगची."

"शिकून राह्यले का भाजून राह्यले?"

आठ दिवसांनी तिने न चिडता निकाल दिला. "आखितीपर्यंत बघते. न्हाई थांबलं तर मला यष्टीत बसवून दे. पडायचंच तर आपल्या अंगणात पडंन."

अक्षय्य तृतीया दोन महिन्यांवर होती. मी मंडळाच्या कचेरीत गेलो. कचेरी आमच्याच भिंतीला लागून. आत सहा माजी अध्यक्षांच्या तसबिरी होत्या, सगळ्यांना हार घातलेले. त्यांतले तिघे हयात होते.

व्यवस्थापकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तुमचं बराबर हाय, ग्रेडरसाहेब. पण तोंडी तक्रार मंडळ ऐकत न्हाई. टंकलिखित अर्ज द्या, तीन प्रतीत."

"हाताने लिहिला तर?"

"अक्षर कितीबी चांगलं असू द्या, ते अक्षरच ऱ्हातं. त्याचा अर्ज होत न्हाई."

तहसीलसमोर एक टंकलेखक बसायचा. त्याचं मशीन दुरुस्तीला जालन्याला गेलं होतं आणि कधी येईल ते त्यालाही माहीत नव्हतं. राहता राहिली वरची संस्था. मी मन घट्ट करून जिना चढलो आणि हाताने लिहिलेला मसुदा संचालकांपुढे ठेवला. त्यांना सगळे 'सर' म्हणत. सरांनी तो उभ्या उभ्या वाचला. मी फळ्यांकडे बघत राहिलो.

"कर्णकर्कश," ते म्हणाले. "असह्य. ज्येष्ठ व रुग्ण स्त्री. वा! जोडाक्षरं काय घातलीत साहेब! परीक्षेला अस्साच उतारा येतो. ठिऊन जा."

मला वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून प्रत्येक बॅचला माझा अर्ज सरावाला दिला गेला. अठरा मशीनवर, मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग गाठण्यासाठी, माझी तक्रार माझ्याच डोक्यावर आदळू लागली.

"आज जरा जास्तच जोरात चाललंय," बायको म्हणाली.

"मजकूरच तसा आहे," मी म्हणालो.

त्यातली उत्तम प्रत निवडून सरांनी मला दिली, खाली दोन कार्बन प्रती. मी अर्ज दिला आणि पोच घेतली. पुढच्या महिनाभरात तीनदा कचेरीत गेलो. पहिल्यांदा अर्ज विचाराधीन होता, दुसऱ्यांदा अध्यक्ष बाहेरगावी होते, तिसऱ्यांदा सभेला पुरेसे सभासद जमले नव्हते. मायचं डोकं एक दिवसाआड उठत होतं.

वरच्या बॅचमधली एक मुलगी आमच्याकडे पाणी प्यायला यायची. मंठ्याकडच्या एका खेड्यातून एसटीने येणारी, चुणचुणीत. एक दिवस तांब्या खाली ठेवत ती मायला म्हणाली, "आजी, तुमचा अर्ज नामंजूर झाला बरं का. काल मीच टाइप केलं उत्तर."

तेव्हा मला कळलं की मंडळाचा सगळा पत्रव्यवहार वरच होतो, आणि तोही फुकट. ज्या संस्थेला मंडळाने गप्प करायचं, तिच्याशिवाय मंडळाला तोंडच नव्हतं. शेजारच्या खोलीतून ते उत्तर आमच्यापर्यंत यायला आणखी पाच दिवस लागले.

माय मात्र वेगळंच विचारत होती. "मशिनी कशावर ठिवल्यात गं?"

"टेबलावर, आजी."

"आन टेबल?"

"फळ्यावरच की."

माय उठली आणि जिना चढू लागली. मी मागोमाग. ती दारात उभी राहिली तशी अठरा मशीन एकदम थांबली. तिने वाकून टेबलांचे पाय पाहिले.

"या आजी, बसा," सर म्हणाले.

"बसायला न्हाई आले. तुमच्यात उखळाखाली पोतं घालतेत का न्हाई?"

"घालतेत की."

"मंग?"

सर टेबलाखाली बघत राहिले. "बिलकुल ध्यानात न्हाई आलं, आजी."

ती माझ्याकडे वळली. "त्यांचं जाऊ दे. तू तर दिवसभर पोत्यातच आस्तूस."

एवढं शिकून मला सुचला होता तो अर्ज.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावरून सरकीची फाटकी पोती आणली. मुलींनी त्यांच्या चौपदरी घड्या करून टेबलाच्या प्रत्येक पायाखाली आणि मशीनखाली घातल्या. आवाज थांबला नाही. पण पूर्वी तो डोक्यात ठोकल्यासारखा यायचा, तो आता लांबच्या रानात कुणी तुरी बडवत असल्यासारखा येऊ लागला, आणि तो आवाज मायने जन्मभर ऐकला होता. पुढच्या आठवड्यात मंडळाचं आणखी एक पत्र आलं. आमच्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन मंडळाने तातडीने उपाययोजना केल्याचं त्यात कळवलं होतं. टंकलेखन निर्दोष होतं.

मायचं डोकं अजूनही दुखायचं, पण आठवड्यातून एखाद्या वेळी. एसटीचा विषय मी काढला नाही, तिनेही काढला नाही. आखितीच्या आदल्या दिवशी तिने बायकोला हाक मारली. "बाजारात जाशील तव्हा करा-केळी आण गं. ह्यांचं पाणी यंदा हितंच भरू."

आखितीला पितरांच्या नावाने मातीच्या भांड्यात पाणी भरतात. वडिलांचं पाणी आजवर गावातल्या घरीच भरलं जायचं. मी म्हणालो, "माय, ते इथं कधी आलेच नव्हते. त्यांना घर सापडायचं कसं?"

ती वातीसाठी कापूस पिंजत होती. मान वर न करता म्हणाली, "वरी मशिनी वाजून राह्यल्यात की. त्या खुणेनं येतेल."