कागदावर नसलेला भाऊ

आदेर्बालला आमच्या बारांको आल्तोत सगळे 'भोंगा' म्हणायचे. तीनचाकी सायकल, मागच्या पेटीत मोटारीची बॅटरी, वर दोन कर्णे आणि दांडीला तारेनं बांधलेला माइक. साबणाची सवलत, हरवलेली गाय, सिनेमा, मयत, सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. लोक कागद आणून द्यायचे, तो वाचायचा. कागदावर जेवढं, तेवढंच. कोळंबीचा वास अख्ख्या चौकात भरलेला असायचा, पण कागदावर 'ताजी' असेल तर हा 'ताजी'च म्हणायचा. कुणी हटकलं तर म्हणायचा, "माझं तोंड भाड्याचं हाय. आत काय भरायचं ते तुमी बगा."

तरुणपणी मात्र तो पदरचं लावून बोलायचा. इतकं की लोक हातातलं काम टाकून ऐकत उभे राहायचे. मग एकाहत्तर सालची नावाड्यांच्या येशूची जत्रा आली. नदीवरून मिरवणूक वर चढत होती, पुढं आमचा बँड. बँडात आदेर्बालचा थोरला भाऊ प्रोताझियो बोंबार्दीनो वाजवायचा. लहान मूल कडेवर घ्यावं तसं पोटाशी धरून फुंकायचं ते जाडजूड पितळी वाद्य. फुंकताना त्याचे गाल टम्म व्हायचे. ते बघून आदेर्बाल माइकात बोलून गेला, "आणि हे बघा आपले बेडूकमास्तर! पाऊस पाडल्याबिगर ऱ्हायचे न्हाईत!"

चौक हसला. पुढच्या रविवारी पोरं मागं लागली. वर्षभरात खरं नाव पुसलं गेलं. बँडच्या हजेरीवहीत बेडूकमास्तर, दुकानात बेडूकमास्तर, पाद्रीबुवांच्या तोंडी बेडूकमास्तर. प्रोताझियोनं दोन पिढ्या शिकवल्या. त्या नावानं हाक मारली की तो ओ द्यायचा, पण हसलेला कुणी पाहिला नाही. भावाशी तो सत्तावीस वर्षं बोलला नाही. दर नाताळला आदेर्बाल कोंबडी घेऊन त्याच्या दाराशी जायचा. वहिनी झुल्मीरा बाहेर येऊन कोंबडी घ्यायची आणि दार लावायची. आदेर्बालनं पदरचं बोलणं सोडलं ते त्या जत्रेपासून.

मी त्या बँडात दुसरी क्लॅरिनेट वाजवायचो. पोटासाठी संतांच्या लाकडी मूर्ती कोरतो. बेडूकमास्तरांच्या हाताखाली मीही शिकलो. आणि ज्या दिवसाचं सांगतोय त्या दिवशी मीही तिथं होतो.

तो जांदुईच्या कार्यक्रमाचा दिवस. जांदुईही मास्तरांचाच चेला. सतराव्या वर्षी ट्रॉम्बोन घेऊन रिओच्या बसमध्ये बसला, तो वीस वर्षांनी आता परत येत होता, रेकॉर्डी काढून, जपान बघून. नगरपालिकेच्या सांस्कृतिक खात्याच्या बाईंनी, आम्ही त्यांना कलाबाई म्हणायचो, सगळ्या गावच्या कला थिएटरात आणून कोंबल्या होत्या. पलीकडच्या काठावरच्या कुंभारांनी मातीचे चाळीस ट्रॉम्बोन मांडले होते, एकही सरळ नव्हता. मी संगीताची संत सेसिलिया कोरून आणली होती. लेस विणणाऱ्या बायकांना जिन्याखाली बसवलं म्हणून त्या फुगल्या होत्या. आरशाच्या टोप्या घातलेले नाचे सकाळपासून दारात घामाघूम होऊन उभे होते, पाहुणा आला की नाचायचं म्हणून. पाहुणा मागच्या दारानं आला. शेवटची तीन गाणी त्याच्याबरोबर आमच्या बँडनं वाजवायची होती. आठ दिवस आदेर्बाल गल्लोगल्ली तेच ओरडत होता.

त्या पहाटे प्रोताझियो गेला. छातीनं सहा वर्षांपूर्वी बँड सोडायला लावला होता आणि तीन महिने तो अंथरुणालाच होता. टेकडीखालच्या शेवटच्या गल्लीत घर. आमच्यापैकी कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं होतं.

शेजाऱ्यानं सांगितलं तसा आदेर्बाल गेला. या खेपेला झुल्मीरानं दार लावलं नाही. त्यानं भावाची दाढी केली. पुढं एकदा मला म्हणाला, "गाल आत गेल्याले. वस्तरा फिरवायला जागाच नव्हती. तुला वाटंल मला रडू आलं. तसं काई न्हाई. दाढी झाली, पाणी वतलं."

झुल्मीराला एकच गोष्ट हवी होती. ज्यानं तीस वर्षं बँडात फुंकलं त्याला बँड कब्रस्तानापर्यंत वाजवत नेतो, आमच्याकडची रीत आहे ती. चार वाजता पुरायचं होतं, आणि बँड यायला हवा होता. स्वयंपाकघरातल्या मेजावर बसून तिनं कागद लिहिला.

"हे घे. जसंच्या तसं वाच."

त्यानं वाचलं. प्रोताझियो लेमोस, वय एकाहत्तर. पत्नी झुल्मीरा आणि कन्या मार्लूस कळवतात की, वगैरे.

"वैनी, या नावानं त्याला कोण वळकणार?"

"वळकायचं त्यानं वळकावं."

"बँडवाल्यांनासुदिक ठावं न्हाई ओ. मी एकदाच, हळूच..."

"त्या तोंडातनं ते नाव पुन्ना निघालं ना, तर माती टाकायला बी येऊ नगंस. जाताना माज्याकडनं शब्द घेतलाय त्यानं. नाव माजं मला दे, म्हणाला."

आदेर्बालनं कागद उलटा करून पाहिला. मागं कोरा होता. "भाऊ म्हणून कुणी लिवलं न्हाई," तो म्हणाला.

"भाऊ हुता का त्याला?" झुल्मीरानं विचारलं, आणि कॉफीचा पेला त्याच्यापुढं सरकवला.

तो कॉफी प्याला.

मग दिवसभर दोन कागद. एकदा 'आज संध्याकाळी सहा वाजता, आपल्या मातीचा सुपुत्र जांदुई', की लगेच दुसरा, 'प्रोताझियो लेमोस, वय एकाहत्तर.' आवाज दोन्हींना एकच. मासळीवाली टोपलीवरच्या माशा वारत ओरडली, "कोण रं गेलं? कारखानदार लेमोसांतला का?"

"कागदावर न्हाई," आदेर्बाल म्हणाला.

"डॉक्टर असणार," न्हावी म्हणाला. "असलं नाव गरिबाला झेपत न्हाई."

नगरपालिकेत कुणाला तरी हेच वाटलं असावं. दुपारी झुल्मीराच्या दारात माणसाच्या उंचीचं फुलांचं चक्र आलं, जांभळी रिबीन लावलेलं, 'लेमोस घराण्याच्या दुःखात सहभागी'. ते दारातून आत जाईना. शेवटी अंगणात पपईला टेकवून ठेवलं.

दोन वाजता आम्ही थिएटरात तालीम करत होतो. जांदुई मोठा गोड वाजवायचा, खोटं कशाला बोलू. बाहेर भोंगा वाजला, तसा बँडमास्तर आब्दियास वैतागला. "त्याला म्हणावं, पुढच्या गल्लीत जा बाबा! स्वर लागू दे!"

दारावरचा नेको बाहेर गेला. बाहेरचं बोलणं मला नंतर नेकोनंच सांगितलं. आदेर्बाल सायकलवरून उतरून दाराच्या अगदी पुढ्यात उभा होता.

"आत जाऊ दे," तो म्हणाला.

"तालीम हाय. कलाबाईंनी सांगितलंय, माशीसुदिक सोडायची न्हाई."

"माणूस गेलंय."

"कोण?"

आदेर्बालनं तोंड उघडलं. नेको म्हणतो, बराच वेळ ते नुसतंच उघडं होतं. मग त्यानं खिशातून कागद काढला आणि वाचला, "प्रोताझियो लेमोस. वय एकाहत्तर. चार वाजता. बँडला कळवावं."

नेको आत आला आणि स्टेजखालून म्हणाला, "कुणी प्रोताझियो लेमोस वारलेत. बँडला कळवा म्हणतोय भोंगा."

आब्दियासनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मी खांदे उडवले, मला ते चांगलं आठवतं. "कारखान्याकडचे असतील," मीच म्हणालो. "त्यांना पैशानं बँड हवा असंल. आज कुठं जमतंय?"

"दुःख झालं म्हणून सांग," आब्दियास म्हणाला. "वळख न्हाई, पण दुःख झालं." मग जांदुईकडं वळून, "चला, पुन्हा पहिल्यापासून."

जांदुईनं विचारलं, "बेडूकमास्तरांना बोलावलंय ना? पहिल्या रांगेत खुर्ची ठेवा. मधली."

"हो हो," आम्ही सगळे म्हणालो.

नेकोनं बाहेर जाऊन निरोप सांगितला. आदेर्बाल म्हणाला, "बरं." सायकल वळवली आणि गेला.

पुरायला सात माणसं होती, त्यात एक खड्डा खणणारा. ते चक्र दोन शेजाऱ्यांनी पालखीसारखं वर वाहून नेलं. आदेर्बालनं पेटीला पुढून खांदा दिला, कुणी नको म्हटलं नाही. पाद्रीबुवांची प्रार्थना संपली तरी झुल्मीरा माती टाकू देईना. वर टेकडीवरून खालचा रस्ता पार नदीपर्यंत दिसतो. ती तिकडंच बघत होती. रस्त्यावरून एक गाढव आलं आणि गेलं.

"सांगितलंस ना?" तिनं विचारलं.

"लिवलं हुतं तेवढं सांगितलं."

मग तिनं मूठभर माती टाकली. आदेर्बाल खाली उतरला आणि सायकलवर बसला. सहाला दीड तास होता, अजून खालची आळी राहिली होती.

कार्यक्रमाला पाय ठेवायला जागा नव्हती. रुसलेल्या लेसवाल्यासुद्धा वर येऊन पायऱ्यांवर बसल्या होत्या. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी. चौथं गाणं संपल्यावर जांदुईनं घाम पुसला आणि माइक हातात घेतला.

"मला फुंकर मारायला ज्यांनी शिकवलं ते इथंच कुठंतरी बसलेत. खुर्ची दिली तरी मागंच बसणार, मला माहीत आहे! मास्तर, उभे राहा बघू!"

लोकांनी टाळ्या धरल्या. "बेडूक-मास्तर! बेडूक-मास्तर!" माळ्यावरून कुणीतरी डरांव डरांव केलं, सगळं थिएटर हसलं. स्टेजवर आम्हीही पाय आपटत होतो. कलाबाई माना वळवून वळवून शोधत होत्या. तेवढ्यात नेकोला मागच्या भिंतीला टेकलेला आदेर्बाल दिसला. "ए भोंग्या!" तो ओरडला. "तुजा भाऊ ना तो? कुठं हाय म्हातारा?"

आदेर्बाल काहीतरी बोलला. कुणाला ऐकू आलं नाही. त्याचा कर्ण्याशिवायचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता, बारीक, बसका.

"मोठ्यानं!" जांदुई हसत म्हणाला.

"पुरला," आदेर्बाल म्हणाला. "आज चारला. प्रोताझियो. दिवसभर सांगतोय."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढच्या रांगा थांबल्या, माळ्यावरचे थोडा वेळ वाजवत राहिले. आब्दियास माझ्याकडं बघत होता. मी क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची जीभ ओली करत बसलो, ओलीच होती तरी.

"अरे, पण तू दाराशी आला होतास ना!" आब्दियास स्टेजवरूनच म्हणाला. "'माझा भाऊ गेला' एवढं म्हणायला काय झालं होतं तुला?"

"कागदावर नव्हतं," आदेर्बाल म्हणाला.

जांदुईनं माइक जागेवर ठेवला आणि पाचवं गाणं सुरू केलं. आमची पाळी आली तसं आम्हीही वाजवलं. चुकलं नाही कुठं. लोकांनी टाळ्या दिल्या आणि जाताना मातीचे ट्रॉम्बोन विकत घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही अठरा जण गणवेश चढवून झुल्मीराच्या अंगणात उभे होतो. जांदुई पुढं. आदेर्बाल सायकल धरून फाटकाबाहेर. झुल्मीरा मक्याच्या पिठाचे हात पुसत दारात आली.

"काय पायजे?"

"झुल्मीराबाई," जांदुई म्हणाला, "काल आम्हाला कळलं नाही. आज वर जाऊन मास्तरांसाठी वाजवतो. तुम्ही परवानगी द्या."

"कुणासाठी?"

"मास्तरांसाठी."

"मास्तर तर हे आब्दियास बी हायेत. जित्ते दिसतात. नाव सांग."

जांदुईला काल थिएटरात ऐकलेलं नाव आठवेना. तो लाल झाला. आब्दियास टोपी फिरवत राहिला. मला आठवत होतं. काल त्याच नावावर मी खांदे उडवले होते.

"प्रोताझियो," फाटकाबाहेरून आदेर्बाल म्हणाला.

"तू गप रं!" ती त्याच्यावर खेकसली. "तुला इचारलं का? ह्यांना म्हणू दे."

मग आम्ही म्हणालो. आधी जांदुई, मग एकेक जण, शाळेत हजेरी द्यावी तसं, अठरा वेळा. कुणाचं 'झि' चुकलं, तर तिनं पुन्हा म्हणायला लावलं. सगळ्यांचं झाल्यावर ती म्हणाली, "वर कब्रस्तानात, तिसरी वळ. ते मोठं चक्र हाय तितं. मी काल जाऊन आले, आज येत न्हाई." आणि आत गेली. दार मात्र उघडंच राहिलं.

आम्ही वर जाऊन मयतीची कूचधून वाजवली. बोंबार्दीनोची जागा रिकामी होती. त्याची ओळ जांदुईनं ट्रॉम्बोनवर धरली, पण ते काही तसं लागलं नाही.

आदेर्बाल आमच्याबरोबर आला नाही. नऊला त्याला फर्निचरच्या दुकानाचा कागद होता. मासळीवाली सांगते, तो चौकात पलंग आणि कपाटं वाचत होता तेवढ्यात टेकडीवरून बँड ऐकू आला. त्यानं माइकचा खटका बंद केला. वाक्य अर्धंच राहिलं.

"आता कुणाचं रं?" मासळीवालीनं विचारलं.

"माज्या भावाचं."

"तुला भाऊ हुता?"

"हुता. थोरला."

"अगं बाई," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला कोळंबी तोलून द्यायला वळली. वरचं वाजणं थांबेपर्यंत आदेर्बालनं खटका लावला नाही.